पाच दुरुस्त्या

रेकॉर्डबाईंना चूक सहन होत नसे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत त्या सत्तावीस वर्षं पेशंटांची कार्डं सांभाळत होत्या. एखाद्या डॉक्टरने अठ्ठेचाळीसचं वय चौऱ्याऐंशी लिहिलं, की बाई तो कागद घेऊन तीन मजले चढत आणि भर वॉर्डात त्याला विचारत, "हे तुमचंच अक्षर ना?" चांगले मोठे डॉक्टर त्यांना येताना बघून दुसऱ्या जिन्याने सटकत. त्यांचं खरं नाव हॉस्पिटलात कुणाला आठवत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

घरी सासूबाई अनोळखी नंबर दिसला की मोबाइल उशीखाली दाबून ठेवायच्या. बाई त्यांना हसायच्या. "अहो, फोन आहे तो, विंचू नाही," म्हणायच्या.

त्या सोमवारी सव्वाअकराला रेकॉर्ड रूमचा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम. मुख्य कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय. कर्मचाऱ्यांची माहिती नव्या यंत्रणेत चढवायचं काम चालू आहे, फक्त तपासून घेतो. आपली जन्मतारीख बारा जून, बरोबर?"

"बारा जून?" बाई खुर्चीत ताठ झाल्या. "एकवीस मार्च! बारा जून कुणी लिहिलं?"

"माफ करा मॅडम, इथं तसं दिसतंय. साल…" त्याने जे साल सांगितलं ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हिशोबाने त्यांचं वय सत्तर होत होतं. बाईंनी त्याला खरं साल खणखणीत आवाजात सांगितलं. मग त्याने कर्मचारी क्रमांक सांगितला, तोही चुकीचा. तो बाईंनी दुरुस्त केला. मोबाइलचे शेवटचे चार आकडे चुकीचे, ते दुरुस्त केले. फोनवरचा माणूस प्रत्येक वेळी "अरेरे मॅडम" म्हणत होता. गोड, शांत आवाज होता, आणि चूक कबूल करणारं माणूस बाईंना मनापासून आवडायचं.

"आता शेवटचं. आपल्या मोबाइलवर एक कोड आला असेल. इथं त्रेसष्ट नव्वद दिसतोय. जुळतोय ना?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "जुळतोय कसला! चव्वेचाळीस सतरा. अहो, समोरचा आकडा तरी नीट वाचत जा!"

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून निभावतंय, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाई समाधानाने हात झटकत समोरच्या टायपिस्टला म्हणाल्या, "कॉम्प्युटर विभागात सगळे दिवटे भरलेत. पाच गोष्टी विचारल्या, पाचही चुकीच्या. मीच सगळ्या सुधारून दिल्या."

"कुठला कॉम्प्युटर विभाग?" आवाज टेबलाखालून आला. तिथे वायरमामा प्रिंटरच्या तारा सोडवत पालथा पडला होता. हॉस्पिटलातलं काहीही वायर असलेलं बिघडलं की त्यालाच बोलावत, म्हणून वायरमामा. "इथला विभाग म्हणजे मी. आणि मुख्य कार्यालयातले स्वतःहून फोन करतील? ते आपला उचलत नाहीत."

वायरमामा रांगत बाहेर आला. त्याच्या गुडघ्यांना धूळ लागली होती.

"बाई, त्याने काय काय सांगितलं आणि तुम्ही काय काय सांगितलं, ते जरा सांगा बघू."

बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या गोष्टीला त्या थांबल्या. त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. तो मनाला येईल तो आकडा फेकत होता आणि सत्तावीस वर्षांच्या हुशारीने बाई त्याच्या हातात खरा आकडा ठेवत होत्या. विचारलं असतं तर त्यांनी त्याला उभा आडवा घेतला असता. त्याने विचारलंच नाही. तो नुसता चुकत गेला.

"कोडसुद्धा?" वायरमामाने विचारलं.

"कोडसुद्धा," बाई म्हणाल्या. त्यांना तिथल्या तिथे स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या.

बाईंच्या लॉगिनवरून हॉस्पिटलातलं कुठलंही कार्ड उघडत होतं. ते ताबडतोब बंद करायला हवं होतं, आणि ते बंद करणं फक्त मुख्य कार्यालयाच्या हातात होतं. वायरमामाने फोन लावून दिला. अर्धा तास एक बाई "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगत राहिली. शेवटी एक माणूस बोलला. त्याने जन्मतारीख विचारली, कर्मचारी क्रमांक विचारला. बाईंनी दोन्ही धडाधड सांगितले.

"माहिती बरोबर आहे," तो म्हणाला. "पण याच माहितीवर अकरा वीसला आपण पासवर्ड आणि मोबाइल नंबर दोन्ही ऑनलाइन बदलून घेतलेत. आता आपल्या नव्या नंबरवर कोड पाठवलाय. तो सांगा."

"तो नंबर माझा नाही! तो त्या चोराचा आहे!"

"मग आपण कोण?"

"मी? मी मी आहे!"

"मॅडम, अकरा वीसला ज्यांनी बदल केले त्यांच्याकडे कोड होता. आपल्याकडे नाही. मी कुणावर विश्वास ठेवू?"

बाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. माणूस म्हणत होता तेही नियमाला धरूनच होतं, आणि हाच तर खरा संताप होता.

अधीक्षकांच्या सहीचं पत्र आणा, असं ठरलं. अधीक्षक मीटिंगमध्ये. मीटिंग संपली तर ते जेवायला. जेवून आले तर त्यांचा शिक्का सापडेना. तोवर टायपिस्टने पोलिसांना फोन लावला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती गेले?"

"पैसे नाही गेले," बाई म्हणाल्या.

"मग काय गेलं?"

"माझं… मी गेले. माझी माहिती गेली."

"पैसे गेले नाहीत ना? मग नशीबवान आहात. लेखी अर्ज पाठवून द्या."

जो तो हेच म्हणत होता. अधीक्षकही सही करता करता म्हणाले, "बँक सुरक्षित आहे ना? मग एवढं काय मनाला लावून घेता?" बाईंना ओरडावंसं वाटत होतं. सत्तावीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि आज माझ्या नावाने कुणी दार उघडून आत शिरलंय, मला चोर ठरवतील, या वयात चौकशीला उभं करतील. दोन तास त्या याच एका विचाराने जिने चढत आणि उतरत होत्या.

दीड वाजता लॉगिन बंद झालं. वायरमामाने एक कागद छापून आणला. "चोराने काय काय उघडलं त्याची यादी."

बाईंनी चष्मा लावला. यादीत एकच ओळ होती. अकरा तेवीसला एक कार्ड उघडलं. अकरा पंचवीसला बंद. त्यानंतर काहीही नाही.

"एवढंच?" टायपिस्ट म्हणाली. "म्हणजे वाचलो की, ताई!"

बाई मात्र कार्डाचा नंबर बघत होत्या. त्या उठल्या, चौथ्या रॅककडे गेल्या आणि कागदी कार्ड काढून खिडकीखाली आणलं. एका तरुण बाईचं होतं ते, तिच्या जुन्या गावच्या शाखेतून बदलून इथे आलेलं. पहिल्या पानावर मनगट मोडलेलं, "जिन्यावरून पडली". दुसऱ्या पानावर दोन बरगड्या, पुन्हा "जिन्यावरून पडली". त्यानंतर वर्षभर काही नाही. मग दीड महिन्यापूर्वी लेकीच्या लशीसाठी आली होती, दुसऱ्या गावातून इथे राहायला येऊन.

बाईंना ती आठवली. खिडकीत उभी राहून हळूच म्हणाली होती, "पत्ता जुनाच राहू द्या ना."

"जुना पत्ता आता चुकीचा आहे," बाई म्हणाल्या होत्या. "चुकीचा पत्ता माझ्याकडे राहत नाही."

"नका ना लिहू. माझं जरा…"

"तुमचं जरा काहीही असू दे. घरमालकाचं पत्र आणा, नाहीतर लशीचं कार्ड मिळणार नाही." मागे रांग होती. ती गेली, दोन तासांनी पत्र घेऊन आली. बाईंनी मजला, खोली नंबर, मागच्या बाजूचा जिना, सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून कॉम्प्युटरवरही चढवलं होतं.

पैशांसाठी कुणी आलंच नव्हतं. त्या माणसाला फक्त एक पत्ता हवा होता, आणि तो मिळून दोन तास होऊन गेले होते. ते दोन तास आपण स्वतःचं नाव धुऊन काढण्यात घालवले, हे बाईंच्या लक्षात आलं.

कार्डावर मोबाइल नंबर होता. टायपिस्टने पुन्हा पोलिसांना लावला, बाईंनी त्या बाईला.

"कोण?"

"मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून बोलतेय. हे बघा, तुमचा पत्ता…"

"माझा पत्ता मी फोनवर सांगत नाही."

"सांगू नका! मला ठाऊक आहे तो!"

फोन कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही. तिने नंबरच ब्लॉक केला होता. बाईंनी टेबलावर मूठ आपटली. राग तिचा नव्हता. सकाळी सव्वाअकराला आपण जे करायला हवं होतं, ते त्या पोरीने एका दमात केलं होतं.

पोलीस म्हणाले, गाडी आली की पाठवतो. बाईंनी पर्स उचलली.

बसने पंचवीस मिनिटं लागली. तीन मजली इमारत, मागच्या बाजूचा जिना, दुसरा मजला, खोली सात. आपलंच अक्षर वाचत आल्यासारख्या बाई थेट दारापर्यंत आल्या. दार साखळीएवढं उघडलं. फटीत एक डोळा दिसला, आणि खाली, कमरेच्या उंचीवर, दुसरा लहान.

"मी रेकॉर्डबाई. हॉस्पिटलातली. ओळखलंत?"

"ओळखलं. त्याने पाठवलंय तुम्हाला?"

"नाही हो!"

"कशावरून?"

बाईंनी हॉस्पिटलचं ओळखपत्र काढलं. मग ते हातातच राहिलं. दिवसभर त्या मी मीच आहे हे सांगून थकल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच कुणाला त्यांच्या जन्मतारखेशी काही देणंघेणं नव्हतं. कधी कुणापुढे न म्हटलेलं वाक्य त्यांना म्हणावं लागलं.

"माझ्याकडून चूक झाली," त्या म्हणाल्या. "तुमचा पत्ता मीच त्याला दिला. आज सकाळी, अकरा वाजून तेवीस मिनिटांनी. मला फसवून घेतला, पण दिला मीच."

डोळा हलला नाही. मग साखळी निघाली.

"शांत बोलत होता?" तिने विचारलं. "प्रत्येक चुकीला अरेरे म्हणत होता?"

बाईंनी मान हलवली. ती आत वळली. रडली नाही, ओरडली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तिथून इथे यायला गाडीने साडेचार तास," ती स्वतःशीच म्हणाली. पलंगाखालून तिने भरलेली बॅग ओढली. गॅस बंद केला, अर्धवट चिरलेली भाजी तशीच पाटावर ठेवली, लेकीच्या पायात बूट घातले. लेक विचारत होती, "आई, उद्या शाळा?" सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. तिला सवय असावी, आणि ते बघणं बाईंना फार जड गेलं.

जिन्यावर बॅग धरायला बाईंनी हात पुढे केला. तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं होतंत." आणखी खूप बोलायचं होतं. पोलीस येतायत, माझ्या घरी चला, सासूबाई आहेत, जागा आहे. त्यातलं थोडं त्या बोलल्याही. ती ऐकून घेत होती आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघत होती.

"आता कुठे जाल?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ती थांबली. लेकीचा हात घट्ट धरला.

"तुम्ही आधी जा," ती म्हणाली. "सरळ बस स्टॉपपर्यंत. आम्ही कुठल्या बाजूला जातो ते बघायचं नाही."

बाईंनी मान हलवली आणि चालायला लागल्या. मागे लहान बुटांचा आवाज झाला, आधी जवळ, मग लांब. तो डावीकडे गेला की उजवीकडे हे कळू नये म्हणून रेकॉर्डबाईंनी भर रस्त्यात दोन्ही कानांवर हात दाबून धरले, आणि येणारेजाणारे बघत राहिले तरी स्टॉप येईपर्यंत काढले नाहीत.