नागद्वारचा डबा

डबा परत आला तेव्हा त्यात सव्वीस लाडू होते. गोपिकेने एकतीस भरले होते. वरच्या थरावर पांढरी-हिरवट बुरशी चढली होती आणि झाकण काढताच आंबूस वास घरभर पसरला.

वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात हे लाडू घेऊन तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, महादेवराव पाच दिवसांपूर्वी पचमढीच्या बसमध्ये बसले होते. नागपंचमीच्या आधी तिथल्या डोंगरात नागद्वारची यात्रा भरते. तीन दिवस चढउतार, पाऊस, निसरडे दगड आणि कमरेइतके नाले. त्यांच्या जुनी शुक्रवारी वस्तीतून दरवर्षी अकरा जण जात. नत्थूजी त्यांचे म्होरके. वाटेत भंडारे लागतात, पण महादेवरावांचा नेम वेगळा होता. घरून नेलेले संपेपर्यंत किंवा दर्शन होईपर्यंत ते बाहेरचा घास तोंडात घालत नसत.

नवस गोपिकेच्या मुलीसाठी होता. तीन वर्षांपूर्वी, १९७१ साली, चार वर्षांची जयवंता टायफॉईडने सतरा दिवस दवाखान्यात होती. गोपिकेचा नवरा चंपतराव शहराबाहेर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात कामाला. महिन्यातले पंधरा दिवस तो तिकडेच असे. पोरीच्या उशाशी रात्री बसले ते थोरले भाऊ महादेवराव, आणि नवस बोलले तेही तेच. सलग तीन वर्षे नागद्वार. दोन झाली होती. हे तिसरे होते.

यात्रेचा नारळ बांधला की यात्रेकरू परत येईपर्यंत त्या घरात तवा आणि कढई चुलीवर चढत नाही. शिजवायचे ते पाण्यात. भाजणे नाही, तळणे नाही. म्हणून शिदोरीचे लाडूही विस्तवाशिवायच करायचे. भडभुंज्याकडून फुटाण्याचे पीठ आणि भाजलेले शेंगदाणे आणायचे, खारीक कुटायची, गूळ किसायचा, तुपाचा हात लावून वळायचे. दोन लाडू आणि ओंजळभर पाणी, की माणूस अर्धा डोंगर चढतो, असे महादेवराव सांगत.

निघायच्या दिवशी सगळे अडले ते शेंगदाण्यांवर. भडभुंज्याचे छप्पर पावसाने गळून भट्टी विझली होती. फुटाण्याचे पीठ मिळाले, दाणे मिळाले नाहीत. घरातले दाणे कच्चे होते आणि पावसाळी हवेने सादळलेले.

"कच्चेच कूट," थोरली जाऊ कुसुमताई म्हणाली. "आता नारळ बांधला. तव्याचं नावही घेऊ नको."

"कच्चे दाणे बाधतीन त्यायले, ताई. तीन दिवस तेच खाणं आहे."

"तुह्या भासऱ्याचं पोट लोखंडाचं आहे. माह्या हातचं वीस वर्षं खाऊन राहिले, काही झालं का?" कुसुमताई हसत घागर घेऊन नळावर गेली.

गोपिकेने एक दाणा चावून पाहिला. मऊ, हिरवट चवीचा. जयवंताच्या वेळी तिने डॉक्टरच्या तोंडून पोटाबद्दल इतके ऐकले होते की कच्च्या अन्नाची तिला धास्ती बसली होती. तिने दाराकडे पाहिले, तवा काढला आणि चुलीवर ठेवला.

दहा मिनिटे लागली. दाणे धड खमंग झाले नाहीत, नुसते तापले आणि आतला ओलावा वर आला. तेवढ्यात गल्लीत कुसुमताईचा आवाज ऐकू आला. गोपिकेने तवा कोळशाच्या पोत्यामागे सरकवला, दाणे गरम असतानाच खलबत्त्यात कुटले, पिठात आणि गुळात कालवले, भराभर लाडू वळले. हाताला चटके बसत होते. एकतीस झाले. डब्यात भरून तिने झाकण दाबून बसवले.

कुसुमताई आत आली आणि उंबरठ्यावरच थांबली.

"भाजल्यावानी वास येऊन राहिला वं."

"इंदूबाईकडून येत असंन," गोपिका म्हणाली.

इंदूबाई शेजारीण. कुसुमताईने घागर खाली ठेवली.

डोंगरात काय झाले ते नत्थूजीने ओसरीवर उभे राहून सांगितले. पहिल्या दिवशी महादेवरावांनी पाच लाडू खाल्ले. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर वास. तिसऱ्या सकाळी बुरशी. भंडाऱ्यात ताट वाढले तरी त्यांनी हात लावला नाही. नुसत्या पाण्यावर चालत राहिले आणि वाटेतल्या काजळी गावाच्या पुढच्या उतारावर चक्कर येऊन नाल्यात गेले. घोटा सुजून मडक्याएवढा झाला. दर्शनाची जागा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. दोघांनी पाळीपाळीने पाठीवर घेऊन त्यांना खाली आणले.

"वहिनी, शिळे दाणे घातले काय जी तुम्ही लोकांनी?" नत्थूजी म्हणाला. "तिसरं साल होतं. माणसाची तीन सालची मेहनत नाल्यात गेली ना."

"माहीच चूक," कुसुमताई म्हणाली. "ओले दाणे होते. मीच म्हटलं, कूट."

गोपिका दाराआड उभी होती. तोंड उघडायची हीच वेळ होती हे तिला कळत होते. ती वेळ गेली. नत्थूजी चप्पल घालून निघूनही गेला.

पुढचे चार दिवस तिने कुसुमताईला पाहिले. नळावर बायका तिला पाहून बोलायच्या थांबत. एकीने तोंडावर विचारलेच, "काहून वं कुसुम, नवऱ्याच्या शिदोरीतही काटकसर?" कुसुमताईने घागर भरली आणि घरी आली. नवस मोडला म्हणून जेवणात मीठ घेणे तिने सोडले होते, कुणाला न सांगता. गोपिकेच्या ते लक्षात आले, कारण वाढायला तीच होती.

महादेवराव खाटेवर पडून. घोट्याला हळदीचा लेप. जयवंता त्यांच्या पायथ्याशी बसून पाटीवर आकडे काढी.

"मोठेबाबा, पाय दुखते?"

"दुखते. पुढल्या सालापर्यंत बरा होते."

"पुढल्या साली परत जाता?"

"पुढल्या साली पहिलं साल, मग दुसरं, मग तिसरं," ते म्हणाले. "खंड पडला की मोजणी नव्यानं. तोवर तू दहा वर्षांची होशीन."

गोपिका स्वयंपाकघरात ऐकत होती. महादेवराव चोपन्न वर्षांचे होते.

कबूल करायचे तर अडचण आणखी एक होती. लग्नाला नऊ वर्षे झाली, पण ती भासऱ्यांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. त्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे. पाणी हवे, चहा हवा, सगळे कुसुमताईमार्फत. आता हे तिच्यामार्फत कसे सांगायचे?

पाचव्या दिवशी सकाळी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून खोलीच्या चौकटीत उभी राहिली. महादेवरावांनी सवयीने तोंड भिंतीकडे वळवले.

"दाणे ताईनं बिघडवले नाही," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "नारळ बांधल्यावर मी तवा ठेवला. दाणे गरम केले. ताई येईन म्हणून गरमच लाडू डब्यात कोंबले, झाकण लावलं. वाफ आत राहिली. म्हणून बुरशी आली. ताईले मी खोटं सांगितलं."

मागे कुसुमताई केव्हा येऊन उभी राहिली ते तिला कळले नव्हते.

"काहून सांगितलं वं?" कुसुमताई हळू म्हणाली. "मले त्याच दिवशी मालूम होतं. कोळसा काढाले गेली तर तव्याचा चटका बसला. पोरीच्या नवसात तिच्या मायनंच खोट केली, असं लोक बोलले असते. माह्यावर होतं ते बरं होतं."

पाच दिवस गोपिका जाऊच्या पाठीकडे पाहत होती, आणि जाऊला सगळे ठाऊक होते.

महादेवरावांनी भिंतीकडचे तोंड वळवले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले.

"तवा माह्या पोटासाठी ठेवला. त्याचं देव पाहून घेईन. मी तीन सालं अजून चालतो, त्याचंही काही नाही." ते थांबले. "पण कुसुमले पाच दिवस लोकायचं बोलणं खाऊ देल्लं, ते कोणासाठी?"

पोरीसाठी, असे म्हणता आले असते, पण ते खरे नव्हते. ते स्वतःसाठी होते.

ती आत गेली. घासून पालथा घातलेला डबा तिने उचलला आणि बाहेरच्या दाराशी आली. सकाळची वेळ होती. नळावर पंधरा-वीस घागरी रांगेत होत्या आणि नळापलीकडे नत्थूजीचे घर होते.

"कुठं चालली वं?" कुसुमताईने विचारले.

"नत्थूजीकडे. नळावरून."

"अवं, थांब. बायका फाडून खातीन तुले."

"खाऊ दे."

गोपिका पायऱ्या उतरली. डबा रिकामा होता, तरी तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. मागून कुसुमताईची हाक आली, "पायात चप्पल तर घाल." पण पहिली बाई तोवर घागर बाजूला ठेवून तिच्याकडे वळली होती, आणि गोपिकेने बोलायला सुरुवात केली.