टोपीच्या आत

“पहिला हाक देतो, तिसरा ओ देतो, चौथा मागून येतो, दुसरा दार लावतो.”

जात्यावरच्या गाण्याच्या चालीत बाबा इंजिनाचे चार सिलिंडर गायचे. ठिणगी कोणत्या क्रमानं फिरते, ते लहानग्या संपदाच्या ध्यानात राहावं म्हणून. मग तिला उचलून बॉनेटजवळ न्यायचे. “एखादा ओ देत नसला ना बेटा, तर एकेक तार उपसायची अन् ऐकायचं. तार काढल्यावर इंजिन कण्हलं, तर तो जिवंत. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच मुका.”

आज तिसरा मुका होता, आणि चौथाही.

पनागरच्या अलीकडं, विहिरीच्या काठाशी तो जुना ट्रॅक्टर उभा होता. पेट्रोलवर जागा होणारा आणि रॉकेलवर चालणारा. गावचा ट्रान्सफॉर्मर जळाल्यापासून विजेची मोटर गप्प होती. सकाळपासून वारा पडलेला, आभाळ धुतल्यासारखं निळं. अशा रात्री पाला पडतो, पानांवरचं दव गोठून बर्फ होतं. मटाराच्या शेंगांत दाणा भरत आला होता. अंधाराआधी जमीन ओली झाली तरच त्या तगणार होत्या, नाहीतर सकाळी सगळं शेत उकडल्यासारखं काळं. ट्रॅक्टरवरून पंपाला पट्टा चढवला की पाणी यायचं. पण आज पट्टा चढला की इंजिन लंगडायचं, सायलेन्सरमधून फट् करायचं आणि मरायचं.

बाबा गेल्यावर संपदानं भावाकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. पीक नीट आलं, तर ती आणि आई इथंच राहतील. नाही आलं, तर जमीन बटाईनं, निम्म्या वाट्यावर, बंडूकाकांकडं आणि दोघी शहरात अधारतालला, भावाच्या दोन खोल्यांत.

बंडूकाका बांधावर येऊन थांबले. बाबांचे चुलतभाऊ, शेजारचं शेत त्यांचं.

“काहून छळून राहिली त्या बुढ्याला? म्युझियममध्ये दे, लोक तिकीट काढून पाहतील.”

“तुमचं डिझेल इंजिन द्या ना काका, थोड्या वेळासाठी.”

“दिलं असतं गं. पण माझीच मटर अर्धी कोरडी आहे. आज कोण कोणाला देणार, तूच सांग.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच तिला जास्त त्रास झाला. ते गेले.

आई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. हात पदरात गुंडाळलेले.

“राहू दे संपदा. नसेल व्हायचं.”

“दुपारपासून हेच म्हणून राहिली तू. तुला जायचंच आहे का अधारतालला?”

आईनं पदर हातांभोवती आणखी आवळला.

संपदानं पहिल्याचा प्लग काढून तिसऱ्याला लावला, हँडल मारलं. तिसरा मुकाच. म्हणजे दोष प्लगचा नाही. मग तारांची अदलाबदल केली. तरी मुकाच. म्हणजे तारेचाही नाही. हँडलनं तळहाताची साल निघाली होती. उन्हं तिरपी होऊन मटाराच्या वेलांत शिरली, आणि पायाशी गारवा आला. तिनं मडगार्डवर कपाळ टेकलं. मी ऐकून राहिली आहे ना बाबा, तुम्ही पण काही बोला.

चौथा मागून येतो.

तिनं मान वर केली. गाण्यात तिसऱ्याच्या लगेच मागं चौथा. म्हणजे ज्या काळ्या टोपीतून चारही तारा निघतात, तिच्यातही ते दोघं शेजारी. दोघं एकदम मुके, तर दोघांच्या मधलंच काही.

तिनं टोपीचे दोन्ही चिमटे सोडले. ही टोपी बाबा नेहमी आईच्या हातात द्यायचे. आई पदराच्या कोरड्या टोकानं ती आतून पुसायची. ट्रॅक्टरचं तेवढं एक काम आईचं.

“आई, धर.”

आईचे हात पदरातून निघाले नाहीत.

टोपीच्या आत तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध लालसर डाग होता, त्यातून केसाएवढी काळी रेघ जळत गेलेली. संपदाला आधी गंज वाटला. नखानं खरवडून तिनं नाकाशी नेलं.

कुंकू.

खंडेनवमीला बाबा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. यंदा तिनं नुसता हार घातला होता. हे आतलं कुंकू सुकं होतं तोवर निभलं असेल. पौषातल्या धुक्यानं ते ओलावलं, आणि ठिणगीला चोरवाट मिळाली.

“टोपी कोणी उघडली होती?”

आई विहिरीतल्या पाण्याकडं पाहत राहिली. थांबायला वेळ नव्हता. संपदानं फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं आणि डाग पुसला, पुन्हा पुसला. फडकं लाल झालं. काळी रेघ विळ्याच्या टोकानं खरवडून काढली, टोपी बसवली, हँडल मारलं. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा मारलं.

पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. चौघांनी ओ दिली.

पट्टा चढला, आणि पाणी पाटात धावलं. ऊन बांधाला टेकलं होतं. खालचे वाफे अंधाराआधी भिजणार होते. वरच्यांचं काही सांगता येत नव्हतं.

आई उठून आली. तिनं जमिनीवरचं लाल फडकं उचललं.

“मीच उघडली होती.” इंजिनाच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागलं. “बॉनेटवर लावलं असतं, तर लोक म्हणाले असते, विधवा बाई कुंकवात हात घालून राहिली. म्हटलं, आत लावते. कोणाला दिसत नाही.”

“अन् इतका वेळ सांगितलं काहून नाही? शेत गेलं असतं, आई.”

“समजून राहिलं होतं मला. तोंडच उघडे ना. सांगितलं असतं तर तू पुसलं असतं.”

संपदाचा हात पट्ट्याजवळच थांबला. बाबांच्या दहाव्याला बायका आईचं कपाळ पुसायला आल्या, तेव्हा संपदा नुसती दारात उभी राहून पाहत होती.

आईनं फडक्याची घडी केली, लाल बाजू आत घेऊन.

“मला पुसायचं नव्हतं, संपदा. तेव्हाही नव्हतं.”