दोन बोटांचं अंतर

शालनने घड्याळाचा पट्टा सोडला, मनगट नळाखाली धरलं, आणि कंपनीच्या लेखी ती मेली.

पॅकिंगच्या हॉलमधून सिद्धेश धावत आला. हातात टॅब, अंगात कंपनीचं पूर्ण बाह्यांचं जॅकेट, तेही मे महिन्यात. तो सुपरवायझर होता, आणि सुपरवायझर झाल्यापासून त्याला चालताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मावशी, घड्याळ घाला. तुमची नाडी गेलीय."

"मग घरी पाठव. मेलेली बाई ठेवून काय करतोस?"

"मस्करी नको ना. माजिवड्याला स्क्रीनवर लाल ठिपका जातो, मग मला फोन येतो."

"काय म्हणतात? दुःखात सहभागी आहोत?"

टॅबची कड मनगटावर घासत सिद्धेश तिच्या हाताकडे बघत राहिला, आणि मग बघायचं थांबला. शालनने हात पदराला पुसला. पट्ट्याच्या जागी लाल वेढा उठला होता, त्यावर पाण्याने टरारलेले बारीक फोड. वेढा जवळजवळ पूर्ण गोल होता. नाडीच्या बाजूला तेवढी दोन बोटं जागा कोरी राहिली होती. तिने पट्टा परत आवळला. घड्याळ थरथरलं आणि त्यावर अक्षरं आली: पुन्हा स्वागत आहे.

मानपाड्याच्या या कारखान्यात प्लॅस्टिकचे हवाबंद डबे बनत. पाडव्याच्या सुमारास कंपनीने पॅकिंगमधल्या सगळ्यांच्या हातांवर घड्याळं चढवली. पहिलं घड्याळ रीतसर नारळ फोडून बांधलं होतं. हात किती हलले, हृदय किती वाजलं, हे सगळं माजिवड्याच्या मुख्य ऑफिसात भिंतीवर दिसायचं. घड्याळ काढलं की ठिपका लाल. जूनमध्ये नवं कंत्राट होणार होतं, आणि ज्याच्या नावावर लाल ठिपके जास्त त्याचं होणार नव्हतं. शालनचं कंत्राट गेली नऊ वर्षं दर जूनमध्ये होत आलं होतं. डब्याचं झाकण बसलं की नाही, हे ती न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायची. हे मात्र घड्याळाला मोजता येत नव्हतं, त्यामुळे ते स्क्रीनवर कुठेच नव्हतं.

मंगळवारी माजिवड्याहून मृणाल मॅडम आल्या. माणसांचं खातं त्यांच्याकडे होतं. केबिनमध्ये एसी इतका होता की शालनला मनगटावर पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला. सिद्धेश दाराशी हात मागे बांधून उभा होता.

"हा पट्टा इंटरनॅशनल दर्जाचा आहे, शालनताई. पोहणारे लोक घालतात."

"मी पोहत नाही मॅडम. झाकणं लावते."

"बाकी कुणाचीच तक्रार नाहीये. म्हणजे प्रॉब्लेम पट्ट्यात नाही."

"मग कशात आहे?"

मॅडमनी टेबलावरची सॅनिटायझरची बाटली स्वतःकडे थोडी सरकवली.

"आपण घाम आल्यावर हात धुतो का? नीट, साबणाने?"

शालनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने सिद्धेशकडे पाहिलं. हात धुतला म्हणून दिवसातून चार वेळा हा धावत येत होता. एवढं तरी त्याने सांगावं. सिद्धेश फरशीवरच्या एका डागाचा अभ्यास करत होता.

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्ट्याची अॅलर्जी आहे. घड्याळ घालू नका, असं लिहून दिलंय त्यांनी."

मॅडमनी चिठ्ठी वाचली. वाचताना त्यांचा चेहरा सहानुभूतीचा होता, कारण त्या खात्यात तो लागतो.

"बरोबर आहे त्यांचं. पण हे घड्याळ नाहीये, ताई. हे डिव्हाइस आहे."

"मग वेळ कशाला दाखवतं?"

"दुसऱ्या हाताला घालून बघा ना."

"त्या हातालाही माझीच कातडी आहे."

मॅडम हसल्या. शालन हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नळाच्या वर एक पोस्टर लागलं. गोरंपान मनगट, त्यावर फेस, आणि खाली: 'स्वच्छ हात, कंपनीची साथ.' कारखान्यात दुसरी कुणी केबिनमध्ये गेलेली नव्हती, त्यामुळे हे पोस्टर कुणासाठी आहे ते सगळ्यांना समजलं. जेवायला बसल्यावर मालनने आपला डबा थोडा उजवीकडे सरकवला. नऊ वर्षं दोघी एकाच डब्यातलं लोणचं खात आल्या होत्या.

"सरकवतेस कशाला?" शालन म्हणाली.

"कुठे? ऊन येतंय."

त्या हॉलला खिडकी नव्हती. शालन लोणचं न घेता जेवली. भाकरीचा तुकडा तिने इतक्या जोरात मोडला की तो टेबलावरून उडून खाली पडला, आणि घड्याळाने त्याची नोंद घेतली: उत्तम हालचाल.

ठाकुर्लीच्या चाळीत देवरामचं स्वतःचं निदान होतं. पित्त. त्याने बायकोची तूरडाळ बंद केली, मग वांगं, मग शेंगदाणे, आणि एका वाटीत आमसुलं भिजत घातली. शालनने ते पाणी मनगटाला लावलं, उरलेलं प्यायली, आणि तिसऱ्या दिवशी वाटी मोरीत ओतली.

"तूरडाळ मी तीन वर्षांची असल्यापासून खातेय. ती आता पट्ट्यासारखी गोल उठेल?"

"पित्ताचं काही सांगता येत नाही," देवराम म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या रमाबाई चाळण मागायला आल्या. त्यांनी शालनचा हात दिव्याखाली धरला, इकडून तिकडून फिरवला आणि चाळण विसरल्या.

"नागीण आहे."

"नागीण कसली? घड्याळाने झालंय."

"घड्याळ निमित्त. हे बघ, हे तोंड, ही शेपूट. वेढा घालत चाललीय. तोंडाला शेपूट मिळाली की खेळ खलास." मग त्यांनी कोऱ्या जागेवर आपली बोटं टेकवली. "दोन बोटं आहेत अजून. थांब, गेरू आणते."

त्या गेल्या आणि लगेच आल्या. वाटीत गेरू कालवलेला तयारच होता.

"एवढा कुणासाठी करून ठेवलात?" शालनने विचारलं.

"पाडव्यापासून फार सुटल्यात बाई नागिणी," रमाबाई म्हणाल्या आणि लेप द्यायला लागल्या. "कुणाकुणाची म्हणून नावं सांगू?"

रमाबाई गेल्यावर देवराम म्हणाला, "आपण असलं मानत नाही." त्याला तो अधिकार होता. तरुणपणी अंधश्रद्धेविरुद्धच्या पथनाट्यात त्याने काम केलं होतं, भोंदू बुवाचं, आणि डोंबिवलीत एक म्हातारी नाटक चालू असताना उठून त्याच्या पाया पडली होती. सकाळी शालनला जाग आली तेव्हा तो तिचं मनगट हातात घेऊन बसला होता. गेरू बाजूला सारून त्या कोऱ्या जागेवर त्याने आपली दोन बोटं ठेवली होती.

"काय करतोयस?"

"काही नाही. नाडी बघतोय."

"नाडी बघायला माजिवड्याला माणसं बसलीयत," शालन म्हणाली आणि हात काढून घेतला. पण थोडा उशिरा.

त्या दिवशी तिने पट्टा गेरूवरच बांधला. घामाने लाल ओघळ कोपरापर्यंत आला, पहिल्या डब्याच्या पांढऱ्या झाकणावर ठिपका पडला आणि मालनने सरकत्या बेल्टवरून तो डबा उचलला.

"रक्त येतंय तुला."

"गेरू आहे. आमच्या रमाबाई म्हणतात नागीण."

मालनने डबा खाली ठेवला. मग तिने अॅप्रनची बाही सावकाश वर केली. तिच्या मनगटावर तोच वेढा होता. त्यावर टाल्कम पावडर थापलेली होती, त्यामुळे तो वेढा दुरून तरी बरा दिसत होता.

"मला वाटलं, भांड्यांची पावडर बदलली म्हणून झालं," ती म्हणाली. "पोस्टर लागल्यावर मग कुणाला दाखवायची सोयच राहिली नाही."

"म्हणून डबा सरकवलास?"

"तुझ्या बाजूच्या हाताला होतं गं. झाकायला उजवीकडे झाले."

पलीकडच्या टेबलावरच्या रमणीची बाही वर गेली. तिने गुरुवार धरला होता. शेवटच्या टेबलावरच्या एकीने अंडी सोडली होती, दुसरीने नवऱ्याने आणलेला साबण त्याच्याच अंगावर फेकला होता. त्या बाजूला एक एक बाही वर जात राहिली आणि सगळ्यांच्या हातांवर एकच पट्टा निघाला, तोच, बकलाच्या खुणेसकट. अॅलर्जीला कुणी घाबरली नव्हती. पण नागीण म्हटल्यावर जी ती वाकून आपापलं अंतर मोजायला लागली.

शालन हे बघत उभी राहिली. तिला आधी हसू आलं आणि मग राग आला, आणि हा राग आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता. इतक्या बायका, आणि जी ती घरी एकटी डाळ सोडत बसली होती. बाकी कुणाचीच तक्रार नाहीये.

तिने बेल्टवरचा एक मोठा डबा घेतला, घड्याळ सोडून त्यात टाकलं आणि डबा मालनपुढे धरला.

"कंत्राट?" मालन म्हणाली.

"एकीचा ठिपका लाल झाला तर एकीचं जातं."

मालनने आपलं घड्याळ सोडून डब्यात टाकलं. डबा टेबलांवरून फिरला आणि जड होऊन परत आला. शालनने झाकण दाबलं. आवाज बरोबर आला. डबा आतून गुरगुरत होता. सगळी घड्याळं मिळून एकमेकांना चला, हालचाल करू या, असं सांगत होती. तिने तो पंख्याखालच्या स्टुलावर ठेवला आणि बायका कामाला लागल्या. हात मोकळे असल्यामुळे असेल, किंवा रागाने असेल, झाकणं त्या दिवशी भराभर बसत होती.

सिद्धेश दारात उभा होता. टॅब त्याच्या हातात सारखा वाजत होता. मग फोन वाजला, आणि मॅडमचा आवाज बेल्टच्या खडखडाटातही सगळ्यांना ऐकू आला.

"सिद्धेश, तिथे काय झालंय? गॅस लीक झालाय का? सगळा हॉल लाल आहे. नाडीच नाहीये कुणाची."

"सगळ्या कामावर आहेत, मॅडम."

"कामावर कशा असतील? स्क्रीन बघ ना. तुझा एकट्याचा ठिपका हिरवा आहे. अॅम्ब्युलन्स पाठवू का?"

सिद्धेशने बेल्टकडे पाहिलं. डबे चढत होते, उतरत होते.

"नको मॅडम. लंचनंतर बघू," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मग तो चालत, सगळ्यांच्या देखत अगदी चालत, शालनच्या टेबलापाशी आला.

"मावशी, नळावर येता जरा?"

शालन हात पुसत गेली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते ठरवलं. ते बरंच होतं.

"तू बोलूच नकोस," तिने नळापाशी पोचताच सुरू केलं. "त्या दिवशी केबिनमध्ये तोंड उघडलं असतंस तर इथे ते पोस्टर लागलं नसतं. सगळं बघतोस तू. दिवसभर तोच उद्योग आहे तुझा."

"माझंपण कंत्राटच आहे, मावशी."

"मग?"

त्याने जॅकेटच्या बाहीचं बटण काढलं. कफ आतून लाल झाला होता. मनगटावर घड्याळ होतं, सुपरवायझरचं, चंदेरी, आणि त्याच्या खालीवर गेरूचे वाळलेले पापुद्रे.

"रमाबाईंकडून आणतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा गेलेलो तेव्हा बोटभर आहे म्हणाल्या. नंतर मी बघितलंच नाही. नुसता वरून थापतो." त्याने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिथे ते फेसाळ, गोरं मनगट होतं. "तुम्हीच बघा ना, तोंडाला शेपूट मिळालीय का. मला नाही बघवत."

शालनने घड्याळ वर सरकवलं आणि अंगठ्याने गेरू पुसला. एका बाजूने पुसत ती नाडीपर्यंत आली. मग दुसऱ्या बाजूने. मग परत एकदा, हळू. वेढा सगळीकडून पूर्ण होता. दोन बोटं राहू दे, नखाएवढीसुद्धा जागा उरली नव्हती. त्या कातडीखाली नाडी इतकी जोरात उडत होती की ती तिच्या अंगठ्याला लागत होती.

"आहे जागा?" सिद्धेशने भिंतीला विचारलं.

"आहे."

"किती?"

"दोन बोटं."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले तेव्हा कळलं की तो कधीपासून ते वर धरून उभा होता.

"ते आधी काढ," शालन म्हणाली.

"मावशी, मग माझापण—"

"काढ म्हणते ना."

त्याने पट्टा सोडला. काखेतला टॅब एकदाच वाजला. माजिवड्याच्या हिशेबाने आता मानपाड्यात कुणीच जिवंत उरलं नव्हतं. शालनने त्याचं मनगट नळाखाली ओढलं आणि तोटी पूर्ण सोडली.