ताम्रपट कुठे आहे?

धम्मपाल नरडाण्याच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर होता. सुट्टीच्या दिवशी तो धुळ्याच्या एका छोट्या साप्ताहिकासाठी पुस्तकांवर लिहायचा. एरवी त्याचं लिखाण चार मित्र वाचत. या वेळी मात्र फोन थांबेनात.

त्याने ज्या कादंबरीवर लिहिलं होतं, ती एका जुन्या राजावर होती. मुखपृष्ठावर ‘अस्सल इतिहास’ असं छापलेलं. राजाने गावाबाहेरच्या वस्तीला दया करून जमीन दिली, याला पुरावा म्हणून एक ताम्रपट सांगितला होता. धम्मपालने लिहिलं, की हा ताम्रपट कुठल्याच संग्रहालयात नाही. आणि चारशे पानांत त्या वस्तीतल्या एकाही माणसाच्या तोंडी एक वाक्य नाही.

“राजांचा अपमान केलास. तुझं घर माहीत आहे आम्हाला,” फोनवरचा माणूस म्हणाला.

मंगळवारी दुपारी तो गिरणीत असताना शेजारच्या कुंदाबाईंचा फोन आला. “दोन माणसं तुमच्या घरात शिरलीत. आई एकटीच आहे.”

आई, मंदाबाई, फोन उचलेना. बसची वाट बघवेना, म्हणून धम्मपाल हायवेवर एका ट्रकला हात करून चढला. धुळ्यात उतरून तो घराकडे पळत सुटला.

दार उघडंच होतं. आतून अनोळखी आवाज येत होता, अडखळत वाचणारा. ती धम्मपालचीच वाक्यं होती. खाटेवर आई ताठ बसली होती. समोर तिशीतला एकजण मोबाइलवरून वाचत होता, दुसरा भिंतीला टेकून उभा.

“पुरे झालं, चंदन,” उभा असलेला ओरडला. मग धम्मपालकडे वळला. “उद्या संध्याकाळपर्यंत माफी लिहून दे. नाहीतर पुन्हा येऊ.”

ते गेल्यावर आईने उठून दार लावून घेतलं.

“त्याले म्हनलं, माले वाचता येस नही, पोऱ्यानं काय लिखं शे ते तूच वाच. वाचत व्हता तवलोंग तरी बसेल व्हता. माले भलतं भेव वाटनं रे.”

साप्ताहिकाचे मालक मोहनलालभाऊ फोनवर म्हणाले, “दोन ओळी पाठव बाबा. माझ्या दुकानाला काचा आहेत.”

धम्मपालने लिहायला घेतलं. ‘मी माफी मागतो’ इथपर्यंत आलं, पण कशाबद्दल ते लिहिता येईना. त्याने कागद फाडला आणि संध्याकाळच्या बसने आईला एरंडोलला, थोरल्या बहिणीकडे, सविताअक्काकडे पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सूतगिरणीच्या गेटवर चंदन एकटाच उभा दिसला. धम्मपाल थोडा लांबच थांबला.

“मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं,” चंदन म्हणाला. “ताम्रपट खरंच नाही का?”

“मला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर दाखवा, चूक झाली असं मी स्वतः छापीन.”

चंदनने मागे वळून पाहिलं. “आज सहा-सात जण येणार आहेत. घरी थांबू नका.”

धम्मपाल पोलिस ठाण्यात गेला. तक्रार घेता घेता हवालदाराने विचारलं, “कशाला लिहायचं असलं?” संध्याकाळी धम्मपालच्या घराचं दार फोडलं गेलं. पुस्तकं गटारीत पडलेली कुंदाबाईंनी पाहिली. जेवढी जमली तेवढी उचलून त्यांनी दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातली.

आई पंधरा दिवसांनी परतली. साप्ताहिकात माफी आली नाही, धम्मपालचं सदरही पुन्हा आलं नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली, की तो अजूनही आधी आई कुठे आहे ते बघतो.