निरभ्र आकाशातली गारांची घंटा

मित्रांनो, चौकात उभं राहून मान वर केलीत, तर मनोऱ्याच्या कमानीखाली हिरवट काळी पडलेली एक घंटा दिसेल. ती मी. मी फार जुनी आहे. इटलीच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं कास्तेलव्हेंतो हे माझं बाजाराचं गाव. इथल्याच चौकात खड्डा खणून मला ओतलं. त्या वेळी बायांनी आपापल्या घरची तांब्याची भांडी वितळलेल्या धातूच्या रसात टाकली होती.

दर गुरुवारी मी भराभर वाजले की मेंढ्या, चीज, अंजिरं घेऊन लोक डोंगर उतरत. बाजार उठेपर्यंत कुणी कुणावर हात उगारायचा नाही, ही इथली रीत. हाडवैरीसुद्धा शेजारी बसून कांदे विकत. ढग काळवंडले की मात्र मला वेगळ्या ठेक्यात वाजवत, दोन जड टोले आणि एक हलका. ती गारांची घंटा. ती ऐकताच माणसं गुरं आत घेत आणि दारं लावून बसत.

माझा दोर ओढायचं काम वडिलांमागून त्यांच्या मुलीकडे, दोनाताकडे आलं. तिचा नवरा सावेरिओ डोंगरावर मेंढ्या राखी.

"अगं दोनाता, जोर लाव की जरा!" चीजवाली रोझालिया खालून ओरडे. "नवऱ्यानं उपाशी ठेवलंय का?"

"तुझं चीज खाल्लं गं, तेव्हापासून हात उचलत नाही!" दोनाता वरून म्हणे, आणि अख्खा चौक हसे.

मग युद्ध आलं. परके सैनिक धडधाकट पुरुषांना पकडून कामाला नेऊ लागले. नेलेला माणूस परत येत नसे. पुरुष डोंगरातल्या झोपड्यांत लपले, बाजार बंद पडला.

एका सकाळी त्यांचा अधिकारी दोनाताला मनोऱ्यात घेऊन आला. दुभाष्या म्हणून गावचाच कारकून सोबत होता.

"बाजाराची घंटा वाजव म्हणतायत," तो खाली बघत म्हणाला. "मीठ वाटणार आहेत."

"मीठ? मग चर्चमागे रिकाम्या गाड्या कशाला?"

"मला नको विचारू, बाई. वाजव. नाहीतर दोघंही मरू."

दोनाताने दोर धरला. दोन जड, एक हलका. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. कारकुनाने ठेका ओळखला. अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. कारकुनाने मान डोलावली, "हीच बाजाराची घंटा, साहेब."

डोंगरावरून कुणीही उतरलं नाही. फक्त एक माणूस पळत आला. सावेरिओ. स्वच्छ उन्हात गारांची घंटा वाजते म्हणजे आपली बायको संकटात आहे, एवढंच त्याला कळलं.

"दोनाता! वर आहेस का गं?"

सैनिकांनी त्याला चौकातच धरलं. दोनाताने खिडकीतून सगळं पाहिलं. पण तिने दोर सोडला नाही. ती थांबली असती, तर धोका टळला समजून बाकीचे खाली आले असते. सावेरिओला गाडीत कोंबलं, गाडी वळणाआड गेली, तरी ती मला वाजवतच होती. तिच्या तळव्यांचं रक्त दोराला लागलं होतं.

युद्ध संपलं. सावेरिओ आला नाही. दरवर्षी चौकात बँड वाजे, भाषणं होत.

"काकी, तुम्ही गाव वाचवलंत," असं एकदा कुणीतरी तिला म्हणालं.

"वाचलं ना? बरं झालं," ती म्हणाली. "मी घरी एकच ताट वाढते."

त्यानंतर त्या समारंभाचं तिला बोलावणं येईनासं झालं. तिच्याजवळ येऊन बसायची ती एकटी रोझालिया. तीही मुलाकडे शहरात गेली. बाजार खालच्या सडकेवर हलला, तिथे हाक द्यायला लाउडस्पीकरचा कर्णा आला. माझा दोर कुजून गळून पडला.

मागच्या हिवाळ्यात दोनाताच्या धुराड्यातून धूर येईना. मला वरून दिसत होतं. पण मला वाजवणारं कुणी नव्हतं. लोक दारावरून येत-जात राहिले. दार फोडलं, तेव्हा ती थंड चुलीशी बसलेली होती. लाकडं संपली होती.

आता तिच्या नावाची संगमरवरी पाटी चौकात लागली आहे, आणि मला घासून लख्ख करायचं ठरलं आहे. मित्रांनो, मी काळी राहिले तरी चालेल. तुमच्या गल्लीत एखादं दार बराच वेळ बंद दिसलं, तर तेवढं ठोठावून बघा.