मनगटाचं माप

बाबांचे बहरीनमधले मालक नुमानशेठ यांनी पाठवलेलं विमानाचं तिकीट मृणालीच्या हातात पडलं तेव्हा तिचे बाबा, महादेव दळी, जाऊन सव्वीस दिवस झाले होते. बावीस वर्षं बाबा बहरीनमध्ये होते. तेवढ्या वर्षांत बायकोसाठी म्हणा, मुलीसाठी म्हणा, एकदाही व्हिसा निघाला नव्हता. ते गेल्यावर मात्र तो दोन दिवसांत निघाला.

"बाय, बापसाचं सामान घेऊन जा," शेठ फोनवर म्हणाले होते. "आणि माझं एक काम हाय. ते तुझ्याबिगर कुणाला जमायचं नाय."

मृणाली चिपळूणच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं आठ दिवसांची रजा टाकली. सामानाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला शेठना समोरासमोर एक वाक्य ऐकवायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिची आई एकवीस दिवस हॉस्पिटलात होती. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा आणि रोज ते एकच सांगायचे, शेठ सुट्टी देत नाहीत. आई दाराकडे बघत बघत गेली. बाबा पोचले ते तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायच्या वेळेला, हातात शेठनी दिलेला खजुराचा डबा घेऊन. त्या दिवसापासून मृणालीनं ते वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. सुरुवातीला त्यात बरीच विशेषणं होती. ती एकेक करून गळली आणि उरलं ते एवढंच: माझी आई मरत होती तेव्हा तुम्ही माझ्या बाबांना सोडलं नाहीत.

मनामा शहराच्या हूरा भागातल्या खोलीतलं बाबांचं सामान एका बॅगेत मावलं. चार शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, आईचा फोटो, आणि दवाखान्यातली हाडाची जुनी चमची. बहरीनला येण्याआधी बाबा चिपळूणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्या चमचीनं ते पावडरी तोलून पुड्या बांधायचे. इथे ते ड्रायव्हर म्हणून आले आणि शेवटची पंधरा वर्षं शेठच्या गोळ्या भरत बसले, एवढंच तिला ठाऊक होतं. गोळ्या म्हणजे बंदुकीच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठची गाडी तिला न्यायला आली. रिफा गाव मागे पडलं, बंगले संपले, आणि पिवळ्या मोकळ्या जमिनीत भिंत घातलेला नेमबाजीचा क्लब दिसला. मागच्या बाजूच्या थंडगार खोलीत लांब टेबल होतं आणि टेबलामागे नुमानशेठ बसले होते. एकोणसत्तर वर्षांचे, उंच, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले.

"ये गो, ये. डिट्टो बापूस! कपाळ तर तेच. बस. चाय घेशील? ताहिर, चाय बोल."

शेठचे आजोबा रत्नागिरीकडून आले होते. शेठ मनामात जन्मले, इंग्रजी शाळेत शिकले, बहरिनी पासपोर्टवर फिरले. घरची कोकणी बोली जिभेवर राहिली होती, पण देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मृणालीला बोलावून घ्यायचं कारण हेच होतं.

टेबलावर हिरव्या कापडावर दोन रिव्हॉल्वरं ठेवली होती. एक जुनं, जबर धक्का देणारं चव्वेचाळीस मॅग्नम, मुठीचं लाकूड हातानं गुळगुळीत झालेलं. दुसरं नवंकोरं, त्याहून दांडगं, लांब नळीचं. व्यापाऱ्यानं ते बघायला म्हणून ठेवलं होतं. शेठनी ते दोन्ही हातांनी उचललं.

"हे अस्वल मारायचं रिव्हॉल्वर. अमेरिकेत शिकारी कमरेला लावतात."

"सेठ, यहाँ भालू कहाँ?" चहा घेऊन आलेला ताहिर म्हणाला. पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा हा माणूस बाबांच्या जागी नुकताच आला होता. "यहाँ तो बिल्ली को भी पूछ के भगाना पड़ता है।"

"तू गप रे. पावडर तोलतोस का बिर्याणीत मीठ टाकतोस, ते बघ आधी." शेठ तिच्याकडे वळले. "आयक, मृणाली. पंधरा वर्षं हे चव्वेचाळीस मारतोय. पयल्यांदा मारलं तवा खांदा निखळला असं वाटलं. आणि आता? पिचकारी! एका हाताने मारतो. क्लबातली पोरं फोटो काढतात, बोलतात अंकल, ह्या वयात मॅग्नम! मग चढू की नको एक पायरी वर?"

मृणालीनं पुढ्यातला चहा जवळ ओढला. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं गाठाळली होती. कप त्यांनी डाव्या हातानं धरला होता.

बाजारच्या गोळ्या शेठ मारत नसत. बाजारात सगळ्या हातांना एकच माप. इथे वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासून परत घेतल्या जात, त्यांच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसे, पावडर ग्रेनच्या बारीक मापानं काट्यावर तोलून आत पडे आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवली जाई. एकेक करून, हातानं. शेठना एवढे बारकावे माहीत होते आणि करायचा कंटाळा होता.

"तुझ्या बापसाला मी निवडला तो कसा, सांगू? गाडीत बसून तो खोकल्याच्या औषधाची पावडर चार कागदांत वाटत होता. मी काट्यावर ठेवून बघितली. चारी पुड्या सारख्या! मी बोललो, म्हादू, खलास, उद्यापासून गाडी दुसरा चालवेल." शेठनी जाड पुठ्ठ्याची वही तिच्यापुढे सरकवली. "ह्यात सगळं हाय, पण मराठीत. तू वाच, ताहिर लिवून घेल. माझं माप नव्या रिव्हॉल्वरला लावायचं. शुक्रवारी सगळ्यांसमोर मारणार."

मृणालीनं वही उघडली. बाबांचं अक्षर तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते फोन करायचे, पत्र लिहीत नसत. दर पानावर तारीख आणि दोन रकाने होते. डावीकडे 'सांगितलेलं'. उजवीकडे 'दिलेलं'.

पहिल्या पानापासून दोन्ही आकडे सारखे होते. तीन वर्षांनी उजवीकडचा आकडा थोडा उतरला. पुढे आणखी. सांगितलेलं पंधरा वर्षं तेच राहिलं होतं आणि दिलेलं केसाकेसानं खाली येत शेवटच्या पानावर जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. मध्येच पावडरही बदलली होती, सौम्य मापाला चालणारी घेतली होती. प्रत्येक बदलाशेजारी बारीक अक्षरात कारण.

'शेठचा अंगठा सुजलाय. अर्धा ग्रेन कमी.'

'नेम वर जातो म्हणाले. जेवायला गेले तेव्हा साईटचा स्क्रू एक घर फिरवला.'

'आज चहाचा कप डाव्या हातात. आणखी कमी.'

मृणाली वाचत राहिली. दवाखान्याच्या खिडकीतून वाकून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात बघणारे बाबा तिला आठवले. डॉक्टर कागदावर लिहायचे ते लिहीत, आणि बाबा माणूस बघून चिमूटभर मागे ठेवत. विचारलं तर म्हणत, त्याच्या पोटाला झेपायला नको? तेच त्यांनी इथे केलं होतं. शेठना वाटलं मनगट पोलादाचं झालं, आणि इथे बाबा पुडी हलकी करत होते.

पंधरा वर्षं एका परक्या माणसाच्या अंगठ्याची सूज. मृणालीला चष्मा लागला तेव्हा तिनं फोनवर सांगितलं होतं. पुढच्याच फोनवर बाबांनी विचारलं होतं, "डोकं का दुखतं गं तुझं?" चष्म्याचं ते विसरून गेले होते.

"काय गो, लागत नाय का अक्षर?"

"लागतंय," ती म्हणाली. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण वाक्यानं या माणसाला काय झालं असतं? चार शब्द हळहळ, आणखी एक खजुराचा डबा. तिच्या हातात आता वाक्याहून जड काहीतरी होतं.

"शेठ, नवीन घेण्याआधी जुन्यानं एकदा मारून बघा. तुमचं खरं माप पहिल्या पानावर आहे. खाली दोन रेघा मारल्यात बाबांनी."

तिनं पावडरचं नाव आणि आकडा ताहिरला हिंदीत सांगितला. ताहिरनं आपल्या छापील पुस्तकात पाहिलं, मान हलवली. "ठीक है। पूरा मैग्नम है।" मग त्यानं शेठच्या हाताकडे पाहिलं आणि मग मृणालीकडे. "बीबी, पक्का यही?"

"यही लिखा है।"

त्यात खोटं काही नव्हतं.

ताहिरनं पाच काडतुसं भरली. शेठ मैदानावर उभे राहिले, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. "सेठ, दोनों हाथ से," ताहिर म्हणाला.

"यल्ला, बाजूला हो. पंधरा वर्षं काय झोपेत मारलं मी?"

आवाज मृणालीच्या छातीत बसला. रिव्हॉल्वर शेठच्या कपाळापर्यंत उसळलं, हात मागे फेकला गेला, आणि टार्गेटच्या बऱ्याच वर मातीचा बांध फुटला. ताहिरनं झडप घालून रिव्हॉल्वर धरलं. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी उजवा हात पोटाशी घेतला आणि लहान मुलासारखे खुर्चीत बसले. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी फाटली होती. पांढऱ्या बाहीवर रक्ताचे दोन थेंब पडले.

"बर्फ आण," ते ताहिरला म्हणाले. तो गेल्यावर बराच वेळ ते हाताकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. मृणालीला त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपास्नं?"

"बारा वर्षं."

"कुणाकुणाला म्हायत हाय?"

"हे वाचता येतं त्याला."

शेठ हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "म्हादू... नालायक. माझ्याच समोर बसून मला खेळवला."

तेव्हा तिनं वाक्य बोलून टाकलं. मनात हजारदा म्हटलं होतं तसंच, आवाज न चढवता. "माझी आई मरत होती तेव्हा तुम्ही माझ्या बाबांना सोडलं नाहीत."

शेठनी मान वर केली. दुखणं क्षणभर विसरल्यासारखा त्यांचा चेहरा कोरा झाला.

"मी? मी नाय सोडला? तिकीट काढून हातात दिलं मी! गाडी खाली उभी केली. तो बोलला, बायको बरी हाय, घरी आली, आता मॅचनंतर जातो. मी माझ्या बायकोला सांगून मिठाई पाठवायला लावत होतो त्याच्याबरोबर." ते खुर्चीत पुढे सरकले. "चार दिवसांनी कळलं ती गेली. मी त्याला विमानात अक्षरशः कोंबला."

मृणालीला ते खोटं वाटलं. वाटायलाच हवं होतं. वही मांडीवर होती. तिनं पानं उलटली. फेब्रुवारी. मार्च. आई पंधरा मार्चला गेली होती.

'११ मार्च. शेठनी आजच्या विमानाचं तिकीट दिलं. परत केलं. मी गेलो तर भरायला दुसरा बसणार. तो एक गोळी खोलून तोलणार आणि सगळं बाहेर येणार. शेठची चारचौघांत लाज, माझी नोकरी. घरी कळवलं, सुट्टी नाही. मॅच शुक्रवारी. दिलेलं: पाव ग्रेन कमी.'

तिनं ते दोनदा वाचलं. अक्षर सरळ होतं. कुठेही खाडाखोड नव्हती.

ते वाक्य अकरा वर्षं तिनं जपलं होतं आणि ते चुकीच्या माणसाच्या अंगावर टाकलं होतं. ज्याला ऐकवायला हवं होतं त्याचा देह बहरीनहून आल्यावर चिपळूणच्या स्मशानात तिनंच त्याला अग्नी दिला होता, आणि देताना मनाशी म्हटलं होतं, बिचारे बाबा.

"काय लिवलंय गो?" शेठनी विचारलं. "त्या दिवसाचं काय लिवलंय?"

"तिकीट दिलं होतंत, असं लिहिलंय."

"मग? गेला का नाय तो?"

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा सुजायला लागला होता, त्वचा ताणून चकाकत होती. हा हात आपण फोडला. एवढं एका दिवसाला पुष्कळ झालं.

"कारण नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

 शेठना पटलं की नाही ते तिला कळलं नाही. ताहिर बर्फ घेऊन आला. रुमालात गुंडाळलेला बर्फ तिनं त्याच्या हातातून घेतला आणि शेठच्या अंगठ्यावर धरला. शेठनी हात मागे घेतला नाही. नव्या रिव्हॉल्वरची पेटी ताहिरनं न सांगता बंद केली.

"शुक्रवार बुडाला," शेठ म्हणाले.

"महिनाभर नाही मारायचं," मृणाली म्हणाली. "आधी सूज उतरू दे. बोटं वळेनाशी झाली तर डॉक्टरकडे जा."

"आणि मग?"

तिनं डाव्या हातानं वहीचं शेवटचं पान उघडलं. उजवीकडच्या रकान्यातला आकडा आणि पावडरचं नाव ताहिरला सावकाश वाचून दाखवलं. त्यानं आपल्या उर्दूत टिपून घेतलं. मग ती थांबली, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं.

"उससे आधा ग्रेन कम।"

ताहिरनं शेठकडे पाहिलं. शेठ भिंतीकडे बघत होते.

"लिखूँ?"

"लिखिए।"

वही तिनं पर्समध्ये टाकली. ती कुणी मागितली नाही.