पाण्यावर सुटलेली कातडी

"सुटली! सुटली!" हॉलभर एकच गलका झाला. बाबांनी काचेच्या ताटलीत कोमट पाणी ओतलं, डोळे मिटून कातडीला हाक मारली, आणि ताटलीच्या तळापासून एक गुलाबीसर पापुद्रा अलगद सुटून वर आला. लोकांनी हात जोडले.

दारांना आतून कड्या होत्या. "बाहेरची हवा लागली तर कातडी मरते," बाबांनी बजावलं होतं. दुसऱ्या रांगेत सासू आणि दीर यांच्यामध्ये थोरली सून अंग चोरून बसली होती. दीर बेकरीत कामाला. भट्टीवर पडून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. सर्जन म्हणाले, मांडीची कातडी काढून लावू. त्याने धसकाच घेतला आणि सासूने बाबांना गाठलं. गेला आठवडाभर हात अशाच पापुद्र्याखाली होता. आता त्याला कुबट वास येत होता.

"वास म्हणजे जुनं मांस निघून चाललंय!" बाबा म्हणाले. "माझी कातडी जिवंत आहे, तिला घामसुद्धा येतो! खोटं वाटतंय? साक्षीदार तुमच्यातच बसलीय. सांग गं मुली, तुमच्या प्रयोगशाळेत हेच करता की नाही?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

पंचाईत अशी, की ते खरंच होतं. ताटलीला विरघळणारा पातळ लेप द्यायचा, त्यावर पेशी वाढवायच्या, त्या एकमेकींना बिलगल्या की लेप विरघळवायचा. पेशींची चादर अखंड सुटते. घरी कौतुकाने तिनेच सांगितलं होतं, आणि सासूने ते बाबांच्या कानावर घातलं होतं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर बाबांवर शिक्कामोर्तब. इकडे आड, तिकडे विहीर.

"करतो," ती म्हणाली. "पण..."

"ऐकलंत!" बाबा गरजले. टाळ्यांत तिचं 'पण' चिरडलं गेलं.

ताटली दर्शनासाठी फिरत तिच्यापुढे आली. वास ओळखीचा होता. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. गोड!

"गप्प बस हं," सासू कुजबुजली. "घराची अब्रू घालवशील."

तेवढ्यात दिराचा दंड तिला टेकला. तापाने नुसता फणफणत होता. ती उठली.

प्रयोगशाळेत रंगवलेली नखं चालत नाहीत, म्हणून रंग पुसायचे ओले बोळे तिच्या पर्समध्ये कायम असत. एका बोळ्याने तिने स्वतःचा तळहात सर्वांदेखत चोळला. काही झालं नाही. मग तोच बोळा ताटलीतल्या पापुद्र्यावर फिरवला. बाबांच्या 'जिवंत' कातडीच्या चिकट तारा झाल्या.

"ही नेलपॉलिश आहे! खाली साखरेच्या पाकाचा थर वाळवलाय. पाण्याने साखर विरघळते आणि वरचा पापुद्रा सुटतो. यात एकही पेशी नाही. अशाच पापुद्र्याखाली माझ्या दिराच्या हातात पू साठतोय."

"हिची नजर वाईट आहे!" बाबा ओरडले. "बसवा हिला खाली!"

दाराजवळचे बाबांचे दोघे सेवक पुढे आले, पण पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने ताटलीत बोट घालून चाखलंसुद्धा. "अहो, सरबतच की हे!" कोणीतरी फिसकन हसलं, आणि कोणीतरी कडी काढली.

पायरीवर दिराने तिचा पदर धरला. "वहिनी, मग तुझी खरी लाव ना."

"अजून माणसांना लावायची परवानगी नाही रे. चाचण्या चालल्यात. वाढायला कितीतरी दिवस लागतात. कधी फाटते, कधी धरतच नाही."

"म्हणजे त्याची खोटी आणि तुझी मिळेना," सासू म्हणाली. "आम्ही जायचं तरी कुठे?"

"सर्जनकडेच. दुखेल, पण तेच आहे."

सर्जननी पापुद्रा सोलला तेव्हा खालून पू वाहिला. कातडी लावणं लांबलं. दोन बोटं कायमची आखडली. शस्त्रक्रियेच्या सकाळी सासूने सर्जनना विचारलं, "आणि कातडी धरली नाही तर?"

"तर पुन्हा लावू. खात्री नाही देता येत."

सासू सुनेला म्हणाली, "बाबाला हे मी विचारलंच नव्हतं."

एवढंच विचारा मंडळी, हात जोडण्याआधी: चुकलं तर काय? या प्रश्नाने जो चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.